दिवसभरातील प्रकाशाची छायाचित्रे
(परिसर अभ्यास : इयत्ता ५ वी)

उद्देश : दिवसाच्या निरनिराळ्या वेळी सूर्यप्रकाशाची दिशा, तीव्रता व रंग बदलतात, हे विद्यार्थ्यांनी छायाचित्रांवरून पडताळून पाहावे; तसेच तुलनेसाठी माप स्थिर असावे लागते, हे त्यांच्या ध्यानी यावे.

पाठातील अडचण : मोबाइलचा कॅमेरा दर वेळी उजेडाचे प्रमाण व रंग आपोआप जुळवून घेतो. त्यामुळे सकाळचा व दुपारचा प्रकाश चित्रांत जवळजवळ सारखाच दिसतो आणि पाठाचा हेतू विफल होतो. मानवी दृष्टीही असेच करते. सायंकाळच्या पिवळसर उन्हातही कागद पांढराच भासतो.

पूर्वतयारी : हिवाळ्यातील निरभ्र दिवस निवडावा. मोकळ्या जागी १ मीटर उंचीची काठी उभी रोवावी व शेजारी पांढरा कागद पसरावा. कॅमेरा ओट्यावर उत्तराभिमुख ठेवून त्याची जागा खडूने आखावी. आदल्या दिवशी दुपारी ‘प्रो’ विभागात शटरचा वेग, आयएसओ व रंगसंतुलन ठरवून लिहून ठेवावे. रंगसंतुलन मध्यान्हीच्या प्रकाशास अनुरूप, म्हणजे सुमारे ५५०० केल्विन असावे. पाठाच्या दिवशी यांत काहीही बदल करू नये.

कृती : सकाळी ८ व १०, दुपारी १२.३० व ३ आणि सायंकाळी ५ वाजता छायाचित्र घ्यावे. त्या वेळी एका विद्यार्थ्याने कागदाच्या अर्ध्या भागावर पाटीची सावली धरावी. इतरांनी काठीच्या सावलीची लांबी व दिशा तक्त्यात नोंदवावी. सूर्याकडे कोणीही पाहू नये. कॅमेराही तिकडे रोखू नये.

स्पष्टीकरण : सूर्य डोक्यावर असता त्याचे किरण वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापतात. तो क्षितिजापासून ३०° उंचीवर असता त्यांना सुमारे दुप्पट, तर क्षितिजावर असता सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, असे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखविले. म्हणून सकाळ-सायंकाळी कागद पिवळसर व मंद दिसतो. सावलीतील भागावर मात्र आकाशाचा विखुरलेला प्रकाश पडत असल्याने तो निळसर उमटतो.

सर्वांत आखूड सावली १२ वाजता पडते, हा समजही येथे तपासावा. प्रमाणवेळ ८२½° पूर्व रेखावृत्ताची आहे. पुणे सुमारे ७४° वर असून प्रत्येक अंशास ४ मिनिटे लागत असल्याने तेथील मध्यान्ह सरासरी १२.३५ च्या सुमारास होतो.

‘प्रो’ विभाग नसलेल्या मोबाइलवरही पाठ घेता येईल. असा कॅमेरा रंग व उजेड बदलील. सावलीची लांबी व दिशा त्याला बदलता येणार नाही.

प्रश्न : (१) कोणत्या वेळी सावली काठीपेक्षा लांब होती? (२) आपल्या गावचा मध्यान्ह किती वाजता होतो? (३) कॅमेऱ्याने आपोआप घेतलेले व स्थिर मापाने घेतलेले चित्र यांत कोणता फरक आढळला?