पंचेचाळीस मीटर जमिनीखालून

निवृत्त होऊन कोकणातल्या घरी राहायला आलो तेव्हा सामानात तीन रेडिओ होते आणि एक भाबडी समजूत. सोसायटीच्या गच्चीवरून सुटलो, आता अँटेनाला आकाश मोकळं! आकाश मोकळं होतंच. पण घर नारळी-पोफळीच्या खोलगट वाडीत आणि अँटेनाजोगी जागा गोठ्यामागच्या वरच्या टप्प्यावर, ४५ मीटर लांब. हॅम रेडिओच्या परीक्षेसाठी फीडलाइनचा, म्हणजे रेडिओ संचापासून (रिगपासून) अँटेनापर्यंतच्या केबलचा, धडा मी पाठ केला होता. या ४५ मीटरांनी तो मला चार पावसाळे पुन्हा शिकवला.

१. केबल जमिनीखालून न्यावी ही कल्पना माझी नव्हे, माकडांची. पहिल्या वर्षी ती घरापासून गोठ्यापर्यंत वरून ताणली होती. आठवड्याभरात माकडांना तिचा शोध लागला. आधी बसायला, मग लोंबकळायला, शेवटी पिल्लांच्या झोक्याला. ही ओसरीवरून म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या त्या तारेचा कुणाला तरी उपयोग होतोय.’’ मी कुदळ शोधायला गेलो.

२. घरात पडून असलेली केबल नेहमीच पुरेशी वाटते. माझ्याकडे आरजी-५८ चं भेंडोळं होतं. बारीक, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची, वळवायला सोपी आणि मुख्य म्हणजे पैसे आधीच दिलेली. सकाळचं ४० मीटर बँडवरचं, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचं, नेट (हॅम मंडळींची ठरल्या वेळची रेडिओवरची बैठक) त्या केबलवर मजेत चाललं. तिथे एवढ्या लांबीत दोन डेसिबलही जात नाहीत. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. त्या यशाच्या भरात दोन मीटर बँडच्या अँटेनालाही मी तीच केबल जोडली. १४५ मेगाहर्ट्झला हीच ४५ मीटर सुमारे ९ डेसिबल गिळते. मी ५० वॅट सोडत होतो, अँटेनाला सहाएक पोचत होते. उरलेले ४४ वॅट मी इमानेइतबारे माती गरम करायला खर्च करत होतो. तक्ता माझ्याच कपाटात होता. पण केबल घेताना लोक तक्ता पाहतात. केबल असताना कोण पाहतो?

३. मीटर माझं कौतुक करत होता आणि मी ते खरं मानत होतो. त्या दोन मीटर बँडच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर, म्हणजे किती लहर परत फिरते त्याचं माप, १.१ होता, अख्ख्या बँडभर. एक म्हणजे काहीच परत नाही. इतका सपाट एसडब्ल्यूआर मला शहरात कधी मिळाला नव्हता. नेटवर मी तो दोनतीनदा, सहज म्हणून, सांगितलाही. मग जुलैत एका रात्री वारं सुटलं. सकाळी रिग लावली, मीटर पाहिला. १.३. म्हटलं, पावसाने जरा फरक पडणारच. चहाचा कप घेऊन मागे गेलो, तर अँटेना जास्वंदीत आडवी पडलेली आणि केबलचं मोकळं टोक हवेत डुलतंय!

म्हणजे टोकाला काहीच नसताना मीटर सांगत होता की सगळं ठीक आहे. गणित नंतर कागदावर मांडलं. ५० वॅट निघाले, वर जाईपर्यंत सहा उरले, अँटेना नसल्यामुळे ते सगळे उलटे फिरले, परतीच्या वाटेवर त्यांचीही तीच गत झाली आणि मीटरपाशी पोचला जेमतेम पाऊण वॅट. मीटर बिचारा तेवढंच मोजतो: किती गेलं, किती परत आलं. जे वाटेत मेलं त्याची नोंद त्याच्याकडे नसते. केबल जितकी वाईट तितका एसडब्ल्यूआर देखणा. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला मला जास्वंदीत अँटेना पाहावी लागली. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी वरच्या टोकाला अँटेनाऐवजी डमी लोड लावून तिथेच वॅटमीटरने पाहतो की किती वॅट पोचतात. नेटवर मात्र हे मी कधी सांगितलं नाही.

४. पाणी मातीतून येईल म्हणून मी घाबरत होतो. ते आलं आकाशातून. दुसऱ्या वर्षी शहाणपण येऊन आरजी-२१३ घेतली, चांगली बोटभर जाड. दीड फूट खोल चर, खाली वाळू, वर वाळू. मातीचा एक खडा लागू दिला नाही. वरच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरला मात्र वायरमनची काळी टेप चार वेढे गुंडाळली आणि झालं म्हटलं. त्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात ऐकू येणारी स्टेशनं एकेक करून दूर जायला लागली. वय झालं, कान गेले, अशी मनाची तयारी चालली होती. एक दिवस रिगच्या मागचा कनेक्टर सोडला आणि टेबलावर टपकन पाण्याचा थेंब पडला.

४५ मीटर लांबून, जमिनीखालून, पाणी माझ्या टेबलावर! केबल उकरून चिरली. मातीतलं बाहेरचं आवरण नव्यासारखं होतं. आतली तांब्याची जाळी वरच्या टोकाकडून काळी-हिरवी पडत आली होती. निरांजनातली वात तेल ओढते तशी ती जाळी पाणी ओढत होती, आणि उतार घराकडे असल्यामुळे तिला ओढायचेही कष्ट नव्हते. पीएल-२५९ मुळात पाणी अडवायला केलेलाच नाही. आता मी ताणून लावायची, स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप वापरतो, वरून साधी टेप, आणि ती खालून वर गुंडाळतो. कौलं खालून वर का रचतात हे लहानपणापासून बघत आलो होतो. टेपही तशीच लावायची असते हे साठीनंतर कळलं. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ देतो, म्हणजे ओघळ तिथूनच ठिबकतो.

५. पाइपात घातली की केबल कोरडी राहते, हा माझा पुढचा गैरसमज. शेतीचा काळा एचडीपीई पाइप आणला, दोन्ही टोकं बंद केली. पाइपात पाणी साचलंच. बंद पाइपातल्या हवेलाही घाम येतो. शेवटी घराच्या अलीकडे सर्वांत खालच्या जागी पाइपाला भोक पाडलं आणि खाली खडी भरली. पाइपाचा खरा फायदा उंदरा-घुशींपासून बचाव आणि केबल बदलताना पुन्हा न खणणं. आत एक नायलॉनची दोरी कायम सोडून ठेवली आहे. पहिल्यांदा ती विसरलो होतो. त्याबद्दल अधिक बोलत नाही.

६. पाइपात पाणी राहणारच असेल, तर केबलच पाण्यात राहू शकणारी हवी. आवरण पीव्हीसीचं असण्यापेक्षा काळ्या पॉलिइथिलीनचं बरं. ओल आत झिरपू देण्यात ते फार कंजूष. थेट पुरण्यासाठीच्या केबलींत जाळीभोवती चिकट जेलही भरलेलं असतं, म्हणजे आवरणाला भोक पडलं तरी पाणी पुढे धावत नाही. परदेशातल्या एका हॅम मित्राने तिचा हातभर तुकडा दिला होता. सोलून पाहिला आणि फणसाच्या चिकाची आठवण झाली. हात तसेच चिकट, हिची नजर तशीच. मी अखेर घेतली ती भंगारातली अर्ध्या इंचाची फीडर केबल, मोबाइलच्या टॉवरवरून उतरवलेली. जाळीऐवजी आत पन्हळी तांब्याची सलग नळी, म्हणजे वातच नाही. १४५ मेगाहर्ट्झला माझ्या अंतरात सव्वा डेसिबल नुकसान. ५० पैकी ३७-३८ वॅट वर पोचतात. भंगारवाल्याने ती तांबं म्हणून वजनावर दिली. तिचे दोन कनेक्टर घ्यायला गेलो तेव्हा लक्षात आलं की स्वस्त होती ती केबल. ४० मीटर बँडच्या डायपोल अँटेनाला मात्र नवी आरजी-२१३ च ठेवली. तिथे फीडर घालणं म्हणजे विहिरीवरून तांब्याभर पाणी आणायला पंप बसवणं.

७. काही गोष्टी गड्याला विचारायला हव्या होत्या. ही फीडर केबल हाताने काटकोनात वळवायची नसते, आतली नळी चेपते. बोटभर जाडीला वीतभर तरी गोलाई हवी. मी गोठ्याच्या कोपऱ्यावर चर काटकोनात आखला होता. चर खणणारा म्हणाला, ‘‘काका, जरा मोठं वळण घ्या. पाटाचं पाणी पण असं वळत नाय.’’ पाइपावर विटांची ओळ लावायचीही त्याचीच युक्ती, म्हणजे पुढे कुणाची कुदळ आधी विटेवर बसेल. पुढच्याच वर्षी आळं करताना ती बसली. कुदळ माझीच होती.

८. पुरलेल्या केबलला वीज पाहत नाही, असंही मला वाटायचं. पण वर खांब उभाच असतो. घरात शिरण्याआधी सर्ज अरेस्टर आणि अर्थिंग, आणि ते घराच्या अर्थिंगला जोडलेलं, एवढं केलं. तरी आमचा जांभा मे महिन्यात ठणठणीत कोरडा असतो, अर्थिंग जेव्हा हवं तेव्हाच रुसतं. म्हणून वळवाचा पहिला गडगडाट ऐकला की कनेक्टर सोडून खिडकीबाहेर ठेवतो. एक सुखद धक्का मात्र मिळाला. केबल जमिनीखाली गेल्यापासून घरातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर कमी झाली. पूर्वी केबलच्या अंगावरून ती अँटेनाकडे चढायची, आता मातीत विरते. या एका गोष्टीचं श्रेय माकडांना द्यायला हवं.

पहिली आरजी-५८ फेकवली नाही. परसात कारल्याचा मांडव तिच्यावर उभा आहे. वेल चांगला चढलाय. तिचा एसडब्ल्यूआर अजूनही उत्तमच असणार.