सावलीतल्या कोकमाला उन्हाची सवय लावताना

शेडनेटखाली वाढलेलं कोकमाचं रोप थेट उघड्यावर लावलं की पाऊस सरताच पानं करपतात, आणि दोष पाण्याला दिला जातो. खरं कारण बहुधा उजेडाचं असतं. कोकम हे सह्याद्रीच्या सदाहरित रानात मोठ्या झाडांखाली वाढणारं झाड. सावलीत त्याची पानं रुंद, पातळ आणि गडद हिरवी होतात. ती कमी उजेडावर भागवतात, पण कडक ऊन त्यांना सोसत नाही. एकदा पूर्ण वाढलेलं पान पुढे फारसं बदलत नाही. उन्हाला टिकणारं पान नव्या पालवीतूनच यावं लागतं. म्हणून पुढची पायरी केव्हा, हे पालवीला ठरवू द्या.

साहित्य : वर्षभराची रोपं, ७५ आणि ५० टक्के सावलीचं शेडनेट, रंगीत दोरा, नारळाच्या झावळ्या, उजेड मोजणारं ॲप असलेला मोबाइल.

कृती

१. निरभ्र दिवशी भर दुपारी उघड्यावर आणि रोपांपाशी उजेड मोजा. उघड्यावर साधारण १ लाख लक्स भरतो. ७५ टक्क्यांच्या नेटखाली त्याचा चौथा हिस्सा उरतो. आकडा ढोबळ असला तरी तुलनेला पुरतो.

२. फेब्रुवारीअखेर प्रत्येक रोपाच्या सर्वांत वरच्या पक्व पानाच्या लगेच वर दोरा बांधा. दोऱ्याखालची पानं सावलीची, वरची नवी.

३. रोपं ५० टक्क्यांच्या नेटखाली हलवा. पिशवीतली माती रोज बोटाने तपासा. वाढलेल्या उजेडात पाणी लवकर आटतं.

४. पालवीची वाट पाहा. कोवळी पानं तांबूस निघतात, मग हिरवी होतात. ती पक्व झाली की दोऱ्याखालचं एक आणि वरचं एक पान चिमटीत धरा. वरचं जाडसर लागलं, तर रोप पुढच्या पायरीला तयार आहे.

५. आता सकाळी दहापर्यंत नेट बाजूला सारा. पुढची पालवी पक्व झाल्यावरच ही वेळ वाढवा.

६. पानाच्या उन्हाकडच्या बाजूवर फिकट, पांढुरके चट्टे दिसले तर एक पायरी मागे या. डागाळलेली पानं खुडू नका. उरलेला हिरवा भाग रोपाला अन्न देतो.

७. पाऊस स्थिरावल्यावर लागवड करा. ढगाळ उजेड मवाळ असतो.

८. ढग हटण्याआधीच, सप्टेंबरअखेर, रोपाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला झावळ्या रोवा. पहिले दोन उन्हाळे हा आडोसा ठेवा.

रानात लावत असाल तर वरचं छत्र एकदम मोकळं करू नका. पानांतून झिरपणारे कवडसे काही क्षणांचेच असतात, पण दाट सावलीतली रोपं दिवसाच्या अन्नाचा मोठा वाटा त्यांच्यावरच कमावतात. छत्राची एखादी खालची फांदी काढा, आणि दुसरी काढण्याआधी रोपाला एक पालवी पुरी करू द्या.