शुगर आहे, लायसन्स नाही, तरी ट्रॅकवर चाक हातात घ्यायचंय? असं करा

लातूर-नांदेडात राहता, इन्सुलिनची सुई घेता, लायसन्स अजून काढलेलं नाही आणि एकदा तरी मोकळ्या ट्रॅकवर गाडी पळवायचीच आहे? होईल की! बंदिस्त ट्रॅकवरच्या भाड्याच्या गो-कार्टला लायसन्स लागत नाही. फक्त क्रम सोडू नका आणि आजार लपवू नका.

ही कृती अठरा वर्षांवरच्या, इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे. फेफरं येत असेल किंवा अचानक शुद्ध हरपत असेल, तर ट्रॅकवर उतरू नका.

साहित्य: ग्लुकोमीटर, पट्ट्या, टोचायच्या सुया, ग्लुकोज पावडर, पाणी, इन्सुलिनसाठी थंड पिशवी, बंद बूट, ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि सोबतीला एक भरवशाचा माणूस.

घरून निघण्याआधी

१. तुमची फाईल ज्यांच्याकडे आहे त्याच डॉक्टरांची वेळ घ्या, मग ते नांदेडच्या डॉक्टर लेनमधले असोत की लातूरचे. नुसत्या चिठ्ठीसाठी नवा डॉक्टर गाठू नका. तुमची शुगर कधी उतरते हे त्यांना ठाऊक नसतं.

२. त्यांना नेमकं सांगा: “डॉक्टर, दहा मिनिटं, उन्हात, हेल्मेट घालून कार्ट चालवायची आहे.” शुगर उतरताना तुम्हाला कळतच नसेल, किंवा मध्यंतरी कुणाला तरी तुम्हाला साखर भरवावी लागली असेल, तर तेही सांगा. डॉक्टर नको म्हणाले तर बेत पुढे ढकला.

३. ‘हरकत नाही’ हे लेटरहेडवर लिहून घ्या. कोणत्या आकड्याला थांबायचं तेही त्यातच हवं. तोंडी होकार ट्रॅकवर चालत नाही.

४. ट्रॅक निवडा. लातूरकरांना पुणं सोयीचं, नांदेडकरांना हैदराबाद. भाड्याच्या कार्टचाच ट्रॅक घ्या. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या मोठ्या ट्रॅकवर स्वतःची गाडी न्यायची तर आयोजक बहुधा लायसन्स मागतात.

५. ट्रॅकवर फोन करून “मला शुगर आहे, इन्सुलिन घेतो” असं सांगा आणि संमतीपत्र व्हॉट्सअॅपवर मागवा. ते नाही म्हणाले तर हुज्जत नको. दुसरा ट्रॅक बघा.

६. सोबत्याला शिकवून ठेवा: थंड घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की लगेच ग्लुकोज द्यायचं. शुद्ध गेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन.

७. बस किंवा रेल्वेचं तिकीट काढा. “बायपासवर थोडा हात साफ करतो” असं मनातही आणू नका. रस्त्यावर विनालायसन्स चालवलं तर ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही; आणि गाडी देणारा मामाही अडकतो.

त्या दिवशी सकाळी

८. रोजचा नाश्ता रोजच्याच वेळेला करा: भाकरी-भाजी म्हणा, सुशीला म्हणा. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला हा बेत ठेवू नका, आणि डोस मनाने बदलू नका.

९. इन्सुलिन थंड पिशवीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं म्हणून समजा.

ट्रॅकवर

१०. पैसे भरण्याआधी चिठ्ठी दाखवा. काउंटरवर सांगून थांबू नका, ट्रॅकवरच्या मार्शललाही सांगा.

११. ओढणी, मफलर, लोंबणारं सगळं काढा आणि केस बांधून हेल्मेटच्या आत घ्या. कार्टचं फिरतं यंत्र पाठीमागे असतं. त्यात केस-ओढणी अडकून जीव गेलेले आहेत.

१२. हात साबणाने धुऊन, पुसून कोरडे करा. केळं खाल्लेल्या चिकट बोटावर आकडा खोटा, चढा येतो.

१३. बसण्याच्या पंधरा मिनिटं आधी बोट टोचा आणि आकड्यावर ठरवा. डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा.

- ७० च्या खाली: तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडा वर आला तरी आणखी ४५ मिनिटं थांबा.
- ७० ते ९०: थोडं खा, पुन्हा तपासा.
- ९० ते २५०: चला, बसा!
- २५० च्या वर: आज प्रेक्षक व्हा. मळमळ किंवा उलटी असेल तर डॉक्टरांना फोन करा.

शुगर उतरली की शेंगदाण्याची चिक्की नको. त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

१४. ग्लुकोज सोबत्याच्या हातात देऊन त्याला पिटपाशी उभं करा. अमेरिकेचा चार्ली किंबल इन्सुलिन घेत इंडीकार शर्यती धावला, २०१३ मध्ये मिड-ओहायोला जिंकलाही. त्याला गोड पेय नळीतून हेल्मेटमध्येच मिळायचं. आपल्या कार्टला ती सोय नाही.

१५. कार्ट उभी असतानाच पेडल दाबून बघा: उजव्या पायाला वेग, डाव्या पायाला ब्रेक. दोन्ही एकदम दाबू नका.

१६. मार्शलकडून झेंडे समजून घ्या. पिवळा दिसला की हळू, ओव्हरटेक बंद. निळा दिसला की मागच्याला वाट द्या. लाल झेंड्याला थांबायचं कुठे, हे आधीच विचारा.

१७. पहिली फेरी सावकाश मारा. वळणाआधी, सरळ रेषेतच ब्रेक लावा; वळणात जोरात दाबलात तर कार्ट गर्रकन फिरते.

१८. काहीही वेगळं वाटलं की वेग कमी करून हात वर करा आणि पिटमध्ये या. वेगाच्या थरारानेही छाती धडधडते, हात थरथरतात, म्हणून अंदाज बांधू नका, शुगरच समजा. ट्रॅकवर मध्येच उतरू नका.

उतरल्यावर

१९. दुसरं तिकीट घेण्याआधी पुन्हा बोट टोचा. पहिला आकडा चांगला होता म्हणून हा टाळू नका.

२०. रात्री झोपण्याआधी आणखी एकदा तपासा. मेहनतीनंतर शुगर कित्येक तासांनीही उतरते, म्हणून उपाशी झोपू नका.

२१. सगळे आकडे वेळेसकट वहीत लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या खेपेला किती खायचं आणि कधी थांबायचं, हे त्या वहीवरूनच ठरेल. चला, आता डॉक्टरांना फोन लावा!