लॅपटॉपच्या आधी कीबोर्ड

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ घरात हिशेब सुरू होतो. क्लासची फी, कॉलेजची फी, बसचा पास आणि आता त्यात लॅपटॉप. मुलगा म्हणतो, सगळ्यांकडे आहे. आई म्हणते, हातातल्या मोबाइलवर अख्खं जग चालतं, मग तुझा अभ्यास का नाही चालत? प्रश्न आईचा आहे म्हणून तो अडाणी ठरत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) देशातल्या शंभरातल्या जेमतेम अकरा घरांत संगणक सापडला, ग्रामीण भागात तर पाचही नाही. उलट 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. म्हणजे बहुतेक घरांत पहिला संगणक कोणता घ्यावा हे आधीच ठरून गेलंय. तो खिशात आहे. त्याच्याकडून संगणकाचं काम कुठवर करून घेता येतं आणि कुठे थांबावं लागतं, एवढंच ठरवायचं उरलंय. माझं मत आधीच सांगतो. बारावीपर्यंत बहुतेक मुलांना मोबाइल आणि एक साधा कीबोर्ड पुरतो. लॅपटॉप घ्यायचाच असेल तर कोणत्या शाखेत प्रवेश मिळाला हे कळल्यावर घ्यावा. आणि या दोघांच्या मधला मार्ग म्हणून जो महागडा टॅब घेतला जातो, तो बहुतेक वेळा सर्वांत फसवा सौदा ठरतो.

फोनला पडदा जोडून त्याचा संगणक करायचा, ही कल्पना काही आजची नाही. मोटोरोलानं २०११ मध्ये 'अ‍ॅट्रिक्स' नावाचा फोन काढला होता. तो एका पोकळ लॅपटॉपच्या पाठीत खोचायचा, की फोनच मेंदू आणि लॅपटॉप नुसतं शरीर. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये ल्युमिया ९५० वर हाच प्रयोग केला. दोन्ही बाजारात टिकले नाहीत. टिकलं ते सॅमसंगचं 'डेक्स', २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ बरोबर आलेलं. फोन मॉनिटरला जोडला की खिडक्या उघडतात, खाली पट्टी येते, माउस फिरतो. गूगलनंही आता अँड्रॉइडमध्ये हीच सोय मुळातून आणायला घेतली आहे, आणि २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर लिनक्सचा टर्मिनल दिला. फोनची ताकद हा आता वादाचा मुद्दा राहिलेला नाही. मधल्या किमतीच्या फोनचा प्रोसेसर आज निबंध, तक्ते, सादरीकरण, व्हिडिओ कॉल आणि वीसेक उघडी पानं सहज पेलतो.

पण दुकानातून केबल आणण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. टाइप-सी हा फक्त भोकाचा आकार आहे, त्या भोकातून काय काय वाहतं हे प्रत्येक फोनचं वेगळं असतं. स्वस्त फोनमध्ये आकार टाइप-सीचा आणि आतली जोडणी जुन्या यूएसबी २.०ची असते, चार्जिंग होतं, फाइल जाते, पण चित्र बाहेर पडत नाही. एचडीएमआयची केबल लावा, मॉनिटर काळाच राहील, आणि बिघाड कुणाचाच नसेल. फोनच्या तांत्रिक माहितीत 'डिस्प्ले पोर्ट' हे शब्द असतील तरच पैसे घाला. डेक्सही सॅमसंगच्या वरच्या किमतीच्या मालिकांत मिळतं, सरसकट सगळ्यांत नाही. ज्यांच्या फोनमधून चित्र बाहेर पडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मोठा पडदा ही सोय आहे, शिक्षण पडद्याच्या आकारावर अडत नाही.

शिक्षण अडतं कीबोर्डवर. एक छोटा ओटीजी अ‍ॅडॉप्टर आणि चार-पाचशे रुपयांचा तारेचा कीबोर्ड, त्यात जमलं तर माउस. हे जवळपास कुठल्याही अँड्रॉइड फोनला चालतं. माउस लावला की फोनच्या पडद्यावर चक्क बाण उमटतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालतं, ऑल्ट-टॅबनं एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाता येतं. फोन पुस्तकाला टेकवून उभा केला की झालं कामाचं टेबल. यावर गूगल डॉक्समध्ये रोज एक पान टाइप करणारी अकरावीची मुलगी दिवाळीपर्यंत न बघता टाइप करू लागते, आणि हे कौशल्य पुढे कुठल्याही यंत्रावर तिच्याबरोबर जातं. अंगठ्यांचा वेग मात्र फोनबरोबरच राहतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षाही याच ३० आणि ४०च्या मापानं होतात. मोबाइलवर रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणाऱ्या बोटांना तिथे सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. टायपिंगच्या क्लासला जायचं असेल तर लवकर जावं, त्यासाठी घरी लॅपटॉप असण्याची गरज नाही.

मोबाइलची खरी उणीव दुसरीकडे आहे, आणि ती पडद्याकडे पाहून कळत नाही. मोबाइल आपल्यापासून फाइल लपवतो. फोटो गॅलरीत दिसतो, नोट्स व्हॉट्सअ‍ॅपमध्ये, पीडीएफ 'डाउनलोड'मध्ये कुठेतरी. शोधलं की सापडतं, त्यामुळे ठेवायची शिस्त लागत नाही. हे फक्त आपल्या मुलांचं दुखणं नाही. २०२१ मध्ये 'द व्हर्ज' या अमेरिकी संकेतस्थळावर एक लेख आला होता. तिथल्या एका खगोलशास्त्राच्या प्राध्यापिकेनं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमची फाइल तुम्ही कुठे सेव्ह केलीत? मुलांना प्रश्नच कळला नाही. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फाइल, ही उतरंड त्यांच्या डोक्यात नव्हती. आपल्याकडे हा प्रसंग वेगळ्या जागी घडतो. बँकेच्या भरतीचा अर्ज भरताना फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात. मुलाच्या फोनमधला फोटो असतो चार एमबीचा, नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. केबी म्हणजे काय, फाइल लहान कशी करायची, कुठे ठेवली की अर्जाच्या पानाला सापडेल, यातलं काहीच ठाऊक नसल्यानं घरचा पदवीधर महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो. काम मोबाइलवर होण्यासारखं असतं. यंत्र कमी पडत नाही, शिकवणी कमी पडते. फोनमधलं 'फाइल्स' अ‍ॅप उघडून विषयवार फोल्डर करायला लावणं, प्रत्येक फाइलला तारखेसकट नाव द्यायला लावणं, याला एक पैसा लागत नाही. लॅपटॉप घेऊन दिल्यावरही हे न शिकलेली मुलं आहेत. त्यांच्या डेस्कटॉपवर दीडशे चिन्हांचा पसारा असतो.

आता शाखांकडे येऊ, कारण इथे मोबाइलची हद्द संपते. कॉमर्सवाल्यांना एक्सेल लागतं. फोनवर एक्सेल उघडतं, सूत्रंही चालतात. पण चारशे ओळींच्या तक्त्यात वीस रकाने बोटानं निवडायला बसलं की धीर सुटतो, आणि मॅक्रो तर मोबाइलच्या एक्सेलमध्ये चालतच नाहीत. टॅली विंडोजवर चालतं. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांच्या सॉलिडवर्क्सचंही तेच, आणि ऑटोकॅडची मोबाइल आवृत्ती आराखडा पाहायला आणि किरकोळ दुरुस्तीला बरी, नवा नकाशा उभा करायला नाही. कॉम्प्युटर शाखेत मात्र गंमत आहे. पायथन शिकायला फोन भरपूर झाला. गूगलचं कोलॅब ब्राउझरमध्ये चालतं आणि गणित गूगलच्या यंत्रावर होतं; गिटहबचं कोडस्पेसेस वैयक्तिक खात्याला महिन्याला साठ तास फुकट यंत्र देतं; टर्मक्स या अ‍ॅपमध्ये फोनवरच सी भाषेतले प्रोग्राम चालवता येतात. पहिलं वर्ष यात निघून जाईल. पण अँड्रॉइडची अ‍ॅप बनवण्याचं अधिकृत साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, अँड्रॉइड फोनवर चालत नाही आणि लॅपटॉपवर किमान ८ जीबी रॅम मागतं. मोबाइल ज्या कारखान्यातून निघतो तो कारखाना मोबाइलमध्ये मावत नाही.

म्हणूनच दहावीनंतर घाईनं लॅपटॉप घेऊ नये असं म्हणतो. आज घेतलेला लॅपटॉप दोन वर्षं मालिका पाहण्यात जुना होतो, आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो तेव्हा त्याची बॅटरी थकलेली आणि रॅम अपुरी असते. मुलगी कलाशाखेकडे किंवा नर्सिंगकडे वळली, तर ग्राफिक्स कार्डासाठी मोजलेले वीस-तीस हजार वाया गेले. बारावीनंतर कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेत कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात, सध्याच्या तिसऱ्या वर्षाची मुलं काय वापरतात, एवढं विचारलं की निवड आपोआप होते. आणि तेव्हाही नवाकोराच पाहिजे असं नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले, दुरुस्त करून विकायला आलेले लॅपटॉप बहुतेक शाखांना पुरतात. वॉरंटी आणि रॅम तेवढी पाहून घ्यावी.

यावर हमखास येणारा आक्षेप परीक्षांचा. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होतात, मग घरी संगणक नसलेलं मूल मागे नाही का पडणार? ही भीती जितकी पसरवली जाते तितकी खरी नाही. या परीक्षांत माउसनं पर्याय निवडायचा असतो, जेईईत आकडा भरायचा तोही पडद्यावरच्या बटणांनी. हे अंगवळणी पडायला सरावाच्या चार-पाच परीक्षा पुरतात, आणि त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा तासाभराच्या भाड्यानं कुठल्याही सायबर कॅफेत देता येतात. परीक्षेच्या वातावरणाचा सराव हवा हे मान्य, पण त्यासाठी चाळीस हजार मोजायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. मोबाइलवर अभ्यास करायला दिला तर मूल अभ्यास करेल का? 'असर' २०२४नंच सांगितलं, की ज्यांना फोन वापरता येतो त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणाच्या कामासाठी वापरला, आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आकडे बोलके आहेत. पण लॅपटॉपवर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम चालत नाही, असं कुणी सांगितलं? उलट कीबोर्ड जोडलेला, टेबलावर उभा केलेला, सगळ्यांना दिसणारा फोन हा पांघरुणात धरलेल्या फोनपेक्षा पुष्कळ सोज्वळ असतो. कामासाठी वेगळं प्रोफाइल किंवा नुसतं वेगळं गूगल खातं ठेवलं, सूचना बंद केल्या, तर निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं घरातल्या मोठ्यांच्या हातातल्या फोनवर अवलंबून आहे, आणि तो विषय इथे न काढलेला बरा.

तिसरं बोलणं हल्ली ऐकू येतं: आता सगळं बोलून होतं, एआय लिहून देतं, कीबोर्ड शिकून काय करायचं? बोलून पहिला मसुदा होतो, खरं आहे. पण तो तपासून, दोन वाक्यं इकडची तिकडे करून, तक्त्यातली चूक शोधून, योग्य नावानं योग्य माणसाला पाठवणं हे काम ज्याला जमतं त्यालाच नोकरीत टेबल मिळतं. एआयमुळे हे काम वाढलंय, घटलेलं नाही.

टॅबबद्दल वर कडक बोललो, त्याचा खुलासा करतो. २०११ मध्ये केंद्र सरकारनं 'आकाश' टॅब्लेट आणला तेव्हापासून टॅब म्हणजे गरिबाचा लॅपटॉप हा समज चालत आलाय. आकाशमध्ये २५६ एमबी रॅम होती. तो चालला नाही यात नवल नव्हतं. आजचे टॅब ताकदवान आहेत. चित्रकार आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांसाठी पेन लावलेला आयपॅड हेच खरं हत्यार आहे. प्रोक्रिएट हे चित्रांचं लोकप्रिय अ‍ॅप विंडोजवर मिळतच नाही. डाव्हिंची रिझॉल्व्ह २०२२ मध्ये आणि फायनल कट २०२३ मध्ये आयपॅडवर आलं, तेव्हा व्हिडिओवाल्यांचीही सोय झाली. जाडजूड पुस्तकांच्या पीडीएफवर खुणा करणाऱ्या मेडिकलच्या मुलांनाही टॅब उपयोगी. मात्र बाकीच्यांसाठी हिशेब असा आहे, की टॅब, त्याचा कीबोर्ड आणि पेन मिळून लॅपटॉपची किंमत होते आणि टॅली, पूर्ण ऑटोकॅड, अँड्रॉइड स्टुडिओ तरीही चालत नाही. जे फोनवर होत नव्हतं त्यातलं बरंचसं टॅबवरही होत नाही. त्यात मायक्रोसॉफ्टचा एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो: १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर ऑफिसच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये बदल करायला वर्गणी लागते. फोनवर जे फुकट होतं ते मोठ्या टॅबवर विकत घ्यावं लागतं.

पालकांना एक विनंती. लॅपटॉपच्या दुकानात जाण्याआधी एका रविवारी मुलाच्या फोनला कीबोर्ड लावून द्या आणि एवढंच सांगा: मुख्याध्यापकांना बोनाफाईड दाखल्यासाठी अर्ज टाइप कर, त्याची पीडीएफ कर, फाइलला स्वतःचं नाव आणि तारीख दे, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, आणि विषय लिहून मला ईमेल कर. मदत करू नका, वेळ लावून बसा. वीस मिनिटांत मेल आला तर लॅपटॉपची खरेदी बारावीच्या निकालापर्यंत बिनधास्त थांबवा. नाही आला तरी थांबवा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसवा.