ट्रिगरच्या सरावासाठी .२२ रिव्हॉल्व्हर कोणतं?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे स्मिथ अँड वेसन ६८६ आहे, पण .३५७ च्या गोळ्या महाग पडतात. डबल ॲक्शनच्या सरावासाठी .२२ चं कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यावं?

उत्तर : स्वस्त म्हणून रूगर रँग्लर घेऊ नका. ते सिंगल ॲक्शन आहे. दर वेळी हॅमर अंगठ्याने मागे ओढावा लागतो, त्यामुळे तुमचा मूळ सराव होणारच नाही. तुम्ही सरळ स्मिथचंच ६१७ घ्या. दहा गोळ्यांचं सिलिंडर आणि मूठ जवळपास तुमच्या ६८६ सारखीच. किंमत भरपूर आहे, पण हाताला वेगळी सवय लागत नाही.

ट्रिगर जड लागेल, ते गृहीत धरा. .२२ सारख्या रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेत असतो आणि ती कड चेपायला हॅमरचा ठोका जोरदार लागतो. ट्रिगर हलका व्हावा म्हणून स्प्रिंग बदलणारे पुष्कळ भेटतील; मग गोळ्या फुसक्या जातात आणि दोष दारूगोळ्याला! स्प्रिंग आहे तशीच राहू द्या. जड ट्रिगर एकसंध ओढता आला, तर ६८६ सोपं वाटेल. मात्र .२२ ला धक्का नगण्य असल्याने .३५७ चा सराव पूर्ण सोडू नका.

रिकामं चालवून सराव करायचा तो ६८६ वर. रिमफायरमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबू शकते. सराव सुरू करण्याआधी सिलिंडर उघडून प्रत्येक कप्पा स्वतः तपासा आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा.