बारा व्होल्ट कुणाच्या परवानगीने?

प्रोजेक्टचे दिवस आले की दिव्यात माझ्या टेबलावर मेलेले अर्डुइनो यायला लागतात. "काका, फक्त फ्यूज परत बसवत होतो." एक पिन जास्त मिळावी म्हणून फ्यूज बिट बदलून एटीटायनी८५ चा रीसेट बंद केलेला असतो. मग साधा प्रोग्रामर हात टेकतो, आणि रीसेट पिनवर ११.५ ते १२.५ व्होल्ट दिल्याशिवाय चिप दाद देत नाही.

मागे हे १२ व्होल्ट अर्डुइनोने चालू-बंद करायला एका मुलाने बीसी५५७ चा एमिटर १२ व्होल्टला आणि बेस थेट अर्डुइनोला जोडला होता, मध्ये रेझिस्टरही नाही. हा पीएनपी बंद करायचा तर बेस १२ च्या जवळ न्यावा लागतो; अर्डुइनोची धाव ५ पर्यंतच. ट्रान्झिस्टर कायम चालू, वर बेसमधला करंट अर्डुइनोच्या पिनमध्ये. ती पिन गेलीच होती.

मध्ये एक बीसी५४७ घाला. अर्डुइनोने ४.७ के मधून त्याला चालू करायचं, त्याने ४.७ के मधून ५५७ चा बेस खाली ओढायचा. ५५७ च्या बेस-एमिटरमध्ये १० के, ५४७ च्या बेसवरून ग्राउंडला १० के. ५५७ च्या कलेक्टरवरून ग्राउंडला आणखी एक १० के, आणि तिथून १ के मधून रीसेट.

हे १० के मुलं हमखास गाळतात. पण सीरियल पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो आणि त्याच्या पिन्स काही काळ अधांतरी राहतात; तेव्हा ट्रान्झिस्टर बंद ठेवतात ते हेच १० के. शिवाय आमच्याकडे लाइट जाते-येते: लॅपटॉप बॅटरीवर चालूच, १२ चा अ‍ॅडॅप्टर मात्र मनात येईल तेव्हा जिवंत होतो. एका एनपीएनवर भागवणाऱ्या सर्किटमध्ये अशा वेळी रीसेटवर १२ व्होल्ट आपोआप चढतात. चालतं ते, मला पटत नाही.

अ‍ॅडॅप्टरही मोजून घ्या. जुना ट्रान्सफॉर्मरवाला '१२ व्होल्ट' लोडशिवाय १६ सहज दाखवतो, आणि या रीसेट पिनची कमाल मर्यादा १३ आहे. असा असेल तर पुढे ७८१२ लावा. चिप बोर्डवरून काढूनच घ्या. रीसेटपासून ५ व्होल्टला डायोड असेल तर १२ व्होल्ट त्यातून अख्ख्या बोर्डात शिरतात.

आधी ५, मग १२. बंद करताना उलट. सॉकेट रिकामं असताना १ नंबरच्या, म्हणजे रीसेटच्या भोकात मीटर लावून यूएसबी काढा-घाला. आकडा शून्यावरून हलला तर चिप बसवू नका.