वाद, जल्प आणि फुटबॉल

खेळावरील लेखांत बहुधा खेळाडूंचे गुणवर्णन असते, विक्रमांची यादी असते, नाही तर हरलेल्या संघाची झडती घेतलेली असते. प्रस्तुत लेखाचा विषय याहून थोडा वेगळा आहे. महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर, चहाच्या दुकानात किंवा वसतिगृहाच्या व्हरांड्यात समर्थकांची जी चर्चा रंगते, तिचे स्वरूप येथे तपासायचे आहे. "उद्या आपण चढाई करावी की बचाव?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. दिसायला तो करमणुकीचा आहे. पण अपुऱ्या माहितीवरून अनुमान कसे काढावे, प्रतिपक्षाचे म्हणणे कसे विचारात घ्यावे आणि आपले मत कधी बदलावे, या तिन्ही गोष्टींचा कस त्या एका प्रश्नात लागतो. तर्कशास्त्राच्या तासाला जे फळ्यावर लिहिले जाते, त्याचे प्रात्यक्षिक कट्ट्यावर चालते असे म्हटले तरी चालेल.

चर्चेचे तीन प्रकार

आपल्याकडील न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. रोजच्या मराठीत 'वाद' म्हणजे भांडण असा अर्थ रूढ झाला असला, तरी शास्त्रात वादाला मोठा मान आहे. सत्य काय आहे ते ठरवण्यासाठी दोन्ही पक्षांनी प्रमाणांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. त्यात कोण जिंकले याला महत्त्व नाही. जल्पात मात्र जिंकणे हाच हेतू असतो. शब्दांचा छळ करून, प्रतिपक्षाला कोंडीत पकडून, कसेही करून आपले म्हणणे वर ठेवायचे. वितंडा त्याच्याही पुढची पायरी. वितंडा करणाऱ्याला स्वतःचे असे मतच नसते. समोरच्याचे मोडून काढणे एवढेच त्याचे काम.

समर्थकांची चर्चा पुष्कळदा वाद म्हणून सुरू होते आणि पाहता पाहता जल्पावर येते. ती कोठे घसरते हे पाहण्यासाठी एक खरा सामना उदाहरणादाखल घेऊ.

कलकत्ता, १३ जुलै १९९७

भारतीय फुटबॉलमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या स्पर्धेइतकी जुनी व तीव्र स्पर्धा क्वचितच आढळेल. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. १९११ मध्ये या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली, आणि ती घटना खेळापुरती न राहता राष्ट्रीय अभिमानाची झाली. ईस्ट बंगालची स्थापना १९२० मध्ये झाली. नावाप्रमाणेच पूर्व बंगालातून आलेल्या लोकांचा त्या क्लबाशी जिव्हाळा जडला आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांबरोबर तो अधिकच वाढला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते 'घोटी' आणि पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल', हा भेद मैदानापासून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. मोहन बागान जिंकल्यास कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकल्यास हिलसा मासा, अशी तेथील प्रसिद्ध खूण आहे.

१९९७ च्या फेडरेशन कपच्या उपांत्य फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले. स्थळ सॉल्ट लेक स्टेडियम. त्या दिवशी सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक उपस्थित होते. एकाच सामन्यात निकाल लागायचा होता. साखळी स्पर्धेत आज हरलेला संघ पुढच्या आठवड्यात भरपाई करू शकतो, बरोबरीतही त्याला गुण मिळतो. बाद पद्धतीत तशी सोय नाही. म्हणून अशा सामन्यापूर्वी धोका किती पत्करायचा हाच व्यूहरचनेचा मुख्य प्रश्न होऊन बसतो.

मोहन बागानचे प्रशिक्षक होते अमल दत्त आणि ईस्ट बंगालचे पी. के. बॅनर्जी. बॅनर्जी हे १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील खेळाडू व १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील भारताचे कर्णधार. दत्त हे पुस्तकी अभ्यास आणि प्रयोग यांची आवड असलेले गुरू. त्या मोसमात त्यांनी मोहन बागानसाठी 'डायमंड' नावाची रचना आणली होती, आणि सामन्यापूर्वी साऱ्या कलकत्त्यात तिचीच चर्चा होती.

डायमंड म्हणजे काय?

हिऱ्याच्या, म्हणजे समभुज चौकोनाच्या आकृतीवरून हे नाव पडले. मधल्या फळीतील चार खेळाडू एका ओळीत उभे न करता चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवायचे, ही त्यामागची सर्वसाधारण कल्पना. एक खेळाडू बचावफळीच्या पुढे, एक आघाडीच्या खेळाडूंच्या पाठीशी आणि दोघे दोन बाजूंना. यामुळे चेंडू ज्याच्या पायाशी असेल त्याला प्रत्येक वेळी जवळपास दोन साथीदार मिळतात, लहान लहान त्रिकोण तयार होतात आणि मैदानाच्या मध्यभागी आपले संख्याबळ वाढते.

पण कोणतीही रचना फुकट मिळत नाही. मैदान तेवढेच, खेळाडूही अकराच. मध्यभागी माणसे वाढली की कडा उघड्या पडतात. त्या कडा सांभाळण्यासाठी बचावफळीतील कडेच्या खेळाडूंना पुढे धावावे लागते. ते पुढे गेले असताना चेंडू हातचा निसटला, तर त्यांच्या पाठीमागची जागा मोकळी सापडते. प्रतिपक्षाकडे वेगवान आघाडीवीर आणि त्याच्याकडे अचूक लांब चेंडू पाठवणारा साथीदार असेल, तर ती जागा म्हणजे त्यांच्यासाठी उघडे दारच.

उपलब्ध पुरावा

आता सामन्याच्या आदल्या दिवशी आपण मोहन बागानच्या समर्थकाच्या जागी आहोत असे समजू. आपल्या हाती कोणता पुरावा आहे? सर्वांत ठळक पुरावा उपांत्यपूर्व फेरीचा. त्या सामन्यात मोहन बागानने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडवला होता. सहा गोलांनी जिंकलेल्या संघाने आपली रचना का बदलावी, हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

येथे स्थालीपुलाकन्याय आठवावा. शितावरून भाताची परीक्षा, असे आपण मराठीत म्हणतो. ही परीक्षा योग्यच आहे. पण ती का योग्य आहे? सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. फुटबॉलचे दोन सामने म्हणजे एका भांड्यातली दोन शिते नव्हेत. चर्चिलविरुद्धचा विजय डायमंड खेळता येतो हे सिद्ध करतो. तिच्या पाठीमागची जागा हेरून बसलेल्या संघाविरुद्ध ती टिकेल की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही.

दुसरा पुरावाही त्याच वेळी सर्वांपुढे होता. १९९६-९७ साली सुरू झालेली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग पंजाबच्या जे. सी. टी. संघाने जिंकली होती, आणि त्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा सिक्कीमचा वीस वर्षांचा भायचुंग भुतिया आता ईस्ट बंगालकडे परतला होता. डायमंडला ज्या प्रकारच्या खेळाडूचे भय असते, नेमका त्या प्रकारचा हा खेळाडू. म्हणजे पुराव्याची दोन पाने टेबलावर होती. स्वतःच्या पराक्रमाचे पान वाचायला कोणालाही आवडते. दुसऱ्याचे पान वाचण्यासाठी शिस्त लागते.

पूर्वपक्षाची शिस्त

ही शिस्त आपल्या शास्त्रकारांनी घालून दिली होती. कोणताही सिद्धान्त मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मांडले असते तितक्याच ताकदीने आधी सांगायचे, आणि मगच त्याचे उत्तर द्यायचे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडण्यात पुरुषार्थ नाही.

कट्ट्यावरच्या चर्चेत हाच भाग गळून पडतो. "आपण असे खेळू, मग तसे खेळू" अशी मांडणी होते, आणि तिच्यात प्रतिस्पर्धी जणू लाकडी सोंगट्यांसारखा जागच्या जागी उभा असतो. प्रत्यक्षात तोही आदल्या रात्री जागून आपल्याविषयीच विचार करीत असतो. बुद्धिबळाच्या पटावर नवशिका स्वतःची खेळी पाहतो. जाणकार आधी समोरच्याचे उत्तर पाहतो. व्यूहरचना म्हणजे केवळ योजना नव्हे. आपल्या योजनेला प्रतिपक्ष काय उत्तर देईल आणि त्या उत्तराला आपले उत्तर काय, ही सारी साखळी म्हणजे व्यूहरचना.

त्या वेळी पूर्वपक्षाऐवजी थट्टेला ऊत आला होता. दत्तांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंना टोपणनावे ठेवली, भायचुंगच्या नावाचे 'चुंगचुंग' केले, हे तेथील क्रीडारसिक आजही सांगतात. थट्टा हे जल्पाचे शस्त्र आहे. त्याने आपल्या बाजूचे लोक हसतात. प्रतिपक्षाचे बळ मात्र रतीभरही कमी होत नाही, उलट त्याला चेव चढतो.

निकाल आणि त्याचा अर्थ

सामना ईस्ट बंगालने ४-१ असा जिंकला. पहिला गोल नाझिमुल हकने केला, मोहन बागानचा एकमेव गोल चिमा ओकेरीचा, आणि उरलेले तीन गोल भायचुंगचे. त्याच्या त्या हॅट्‌ट्रिकची आठवण बंगालमध्ये अजून काढली जाते.

येथवर आल्यावर "पाहा, डायमंड खोटी ठरली" असे म्हणण्याचा मोह होतो. विद्यार्थ्यांनी येथेच सावध व्हावे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. तिला शास्त्रात काकतालीयन्याय म्हणतात. एका घटनेमागून दुसरी घडली म्हणजे पहिली तिचे कारण ठरत नाही. एका पराभवाने रचना खोटी ठरत नाही, जशी ६-० च्या विजयाने ती खरी ठरली नव्हती. शिवाय पुढे काय घडले ते पाहा. अंतिम सामन्यात याच विजयी ईस्ट बंगालला गोव्याच्या साळगावकर संघाने २-१ असे हरवले आणि कप गोव्याला गेला. उपांत्य सामन्यातील विजयावरून ईस्ट बंगालची योजना अजिंक्य मानणाऱ्यांचीही तीच चूक झाली असती.

तेव्हा मूल्यमापन निकालावरून करायचे नाही, निर्णयाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवरून करायचे. पाठीमागची जागा उघडी राहते हे माहीत होते काय? होते. त्या जागेचा लाभ घेणारा खेळाडू समोर आहे हे माहीत होते काय? तेही होते. मग प्रश्न 'डायमंड की दुसरे काही' एवढाच उरत नाही. 'डायमंड खेळायचीच असेल, तर त्या जागेचा बंदोबस्त काय?' हा खरा प्रश्न, आणि खरा वाद त्यावरच व्हायला हवा.

वाद संपला की काय होते

ही सारी चर्चा काहींना पोकळ वाटेल. खेळच तो, त्याला न्यायशास्त्र कशाला? याचे उत्तर त्याच दोन संघांच्या इतिहासात आहे, आणि ते दुःखद आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या संघांचा लीगचा सामना चालू असताना प्रेक्षकांत हाणामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. घरून निघताना त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या मनात उद्याच्या बाजारातल्या मासळीहून गंभीर असे काही नसेल. तो दिवस बंगालमध्ये 'फुटबॉलप्रेमी दिन' म्हणून रक्तदान करून पाळला जाऊ लागला. मैदानाच्या गॅलरीत सांडलेल्या रक्ताची आठवण रक्त देऊन ठेवावी, यात त्या समाजाचे शहाणपण दिसते.

वादात प्रतिपक्षाची गरज असते. तो नसेल तर सत्य सापडत नाही. जल्पात तो अडथळा असतो. वितंडेत तो नुसते लक्ष्य असतो. आणि वितंडाही संपली की हात उगारले जातात. ईडन गार्डन्सवरील प्रसंगाला इतरही कारणे असतील, व्यवस्थेतील उणिवा असतील. पण समोरचा माणूस आपल्यासारखाच विचार करणारा आहे याचा विसर पडल्याखेरीज अनोळखी माणसावर कोणी धावून जात नाही.

हा धडा कलकत्त्यापुरता नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांच्या लढती होतात, तेव्हा पेठापेठांतून अशीच चर्चा रंगते आणि तिला तशीच धार चढते. पेठेचा अभिमान असावा. तो नसेल तर खेळात रंग भरणार नाही. मात्र अभिमानाला तर्काची सोबत असावी.

म्हणून एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील पुढच्या मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी चर्चेची पहिली दहा मिनिटे सर्वांनी प्रतिस्पर्धी संघाच्या बाजूने बोलावे. त्यांचे प्रशिक्षक आपण आहोत असे धरून आपल्याच संघातील मोकळी जागा शोधावी. त्यानंतर प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : माझ्या मताला आधार कोणता? त्यावर प्रतिपक्षाचे उत्तर काय असेल? आणि काय दिसले तर मी माझे मत बदलीन? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, तो जल्प करीत आहे असे खुशाल समजावे आणि त्याला चहाचे पैसे द्यायला लावावेत.